सैल दातांना लावलेली तार

गेनूच्या दातांना मी तार लावली, ही माझी चूक. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेली चार वर्षे हे वाक्य मी पुढे पुढे ढकलत आलो आणि बोलायची वेळ आली की गप्प बसत आलो. हात चुकला किंवा अंदाज चुकला, अशी ही चूक नव्हती. दाताच्या डॉक्टरला कॉलेजात शिकवतात ती साधी गोष्ट मी इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर, एका जिवलग मित्राच्या बाबतीत केली नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी आजचा लेख वेगळ्या सुरात लिहिता आला असता. शाळेतल्या चार आठवणी, त्याचे बैल, त्याची शीळ… ते सगळे सांगणारच आहे. पण ते वाचून ‘काय मैत्री होती दोघांची’ असे म्हणत कोणी पुरवणीची घडी घालावी, अशी माझी लायकी नाही.

बातमी त्याच्या धाकट्या भावाने, किसनने आणली. पौषातली सकाळ होती. चिंचवड स्टेशनजवळच्या माझ्या दवाखान्यात पिंपरीच्या नव्या कारखान्यातला एक फिटर खुर्चीत तोंड उघडून बसला होता. किसनने सायकल भिंतीला टेकवली, टोपी हातात घेतली आणि दारातच उभा राहिला. “दादा गेला, डागदर,” तो म्हणाला. मी “कोण दादा?” असे विचारले. त्याला दादा एकच होता, आणि ते मला ठाऊक होते. “ताप व्हता तीन दिस,” किसन सांगू लागला, “पहाटं छाती भरून आली आन् संपलंच.” मला का कळवले नाही, असे मी जरा रागानेच विचारले. त्याने खाली बघत उत्तर दिले, “दादाच नगं म्हनला. म्हनला, वसंता दाताचा डागदर हाय, छातीचा न्हाई. त्याला कशाला सायकल मारत आनताय.” मरतानाही गेनू असे बोलू शकतो, हे ऐकून त्या क्षणी मला हसू आले. फिटर माझ्याकडे बघतच राहिला.

ताथवड्याला पोचलो तेव्हा अंगणात उभे राहायला जागा नव्हती. मला पाहून माणसांनी वाट करून दिली. “डागदरांनी लई केलं ह्याच्यासाटी,” कोणीतरी म्हणाले, “शेवटी कवळीसुदिक सोताच्या हातानं करून दिली.” मी मान हलवली, जणू तो मान माझाच होता. आत गेनूची आई रडत होती. आमच्याकडे बायका मयतापाशी रडतात त्या बोलून रडतात, मनात असेल ते सगळे त्या रडण्यात सांगतात. ती सुनेकडे हात करून सांगत होती, “हिच्या तव्यानं खाल्लं गं माझ्या लेकाला. दात गेलं, भाकर गेली, अंगातलं बळ गेलं. ही मशेरी भाजून देत ऱ्हायली, त्यो लावत ऱ्हायला…” गेनूची बायको हौसा भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर मागे घेऊन वर पाहिले. सासूकडे नाही, माझ्याकडे पाहिले. मी हात जोडले आणि बाहेर येऊन लाकडे रचणाऱ्या माणसांत जाऊन उभा राहिलो. त्या वेळी एक वाक्य बोलायला हवे होते. माणसे होती, आई होती, हौसा होती. मी लाकडे रचायला हात लावला.

ते वाक्य कोणते, हे कळण्यासाठी मागे जायला हवे.

गेनू आणि मी चिंचवडच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो ताथवड्याहून नदी ओलांडून चालत यायचा आणि वाटेवरूनच शीळ घालायचा. ती ऐकू आली की आई मला म्हणायची, “ऊठ, तुझा घड्याळवाला आला.” दोन बोटे तोंडात घालून शीळ कोणीही घालतो. गेनूला बोटे लागत नसत. वरच्या पुढच्या दोन दातांमागे जीभ टेकवून तो असा काही वारा सोडायचा की लांबच्या शिवारातली माणसे मान वर करून बघत. एकदा गणिताच्या तासाला ती शीळ वाजली. गुरुजींनी छडी उचलून विचारले, कोण तो? गेनू सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “वसंतानं घातली, गुर्जी.” मला साधी फुंकरही नीट घालता येत नाही, हे गुरुजींनाही माहीत होते. त्यांना हसू आले आणि छडी खाली गेली. पुढे मी मुंबईला दंतवैद्यक शिकायला गेलो. तो सातवीनंतर वडिलांच्या जागी शेतावर उभा राहिला. पण मी सुट्टीत आलो की स्टेशनाबाहेर ती शीळ असायचीच.

त्याचा खरा जीव बैलगाड्यात होता. आमच्या या पट्ट्यात, मावळापासून चाकणपर्यंत, चैत्रातल्या यात्रांना घाटावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, हे वाचकांना सांगायला नको. चढ चढून गाडा कोण किती लवकर माथ्यावर नेतो, एवढाच हिशेब. बाकीचे लोक बैलांमागे ओरडत पळायचे. गेनू आधीच चढून माथ्यावर उभा राहायचा आणि तिथून शीळ घालायचा. त्याने बैल लहानपणापासून तसे शिकवलेले होते. शीळ ऐकली की पेंड मिळते, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते त्या आवाजाच्या दिशेने सुटायचे. हरलेले लोक चिडवायचे, “बैल कुटं पळत्यात, गेनूचं तोंड पळतंय.” तो म्हणायचा, “मंग तुमीबी तोंड पळवा की. भाकरी खाताना तर लई पळतंय.” गावात त्याला मान होता तो जमिनीमुळे नव्हता, या शिळेमुळे होता. हे मला आधीपासून माहीत होते, म्हणून पुढे मी जे केले त्याला सबब उरत नाही.

चार वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर तो दवाखान्यात आला. बाकावर दोन बायका बसल्या होत्या, त्यांना “मागनं बसा मावशी, माझं काम निकडीचं हाय” असे सांगून सरळ खुर्चीवर येऊन बसला. “वसंता, ह्यात काय तरी ठोक,” म्हणाला, “वारा निसटतोय.” आणि त्याने शीळ घालून दाखवली. नुसती फुस्स झाली. बाकावरच्या बायका हसल्या. तो हसला नाही. “बैल माझ्याकडं बघत्यात आन् परत गवत खात्यात,” म्हणाला. पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट पडली होती आणि दोन्ही दात किंचित बाहेर झुकले होते. मी विचारले, हे कधीपासून? तो म्हणाला, “लगीन झालं तवा ह्यातनं सुताचा दोरा जात नव्हता. आता ज्वारीचा दाना बसतोय. दोन-तीन वर्सांतच फाकलं बघ.”

त्या एका वाक्यात सगळे निदान होते. जन्मापासून वाकडा असलेला दात आणि तिशीनंतर जागा सोडून चाललेला दात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या माणसाचा सरळ दात उगीच सरकत नाही. त्याच्या मुळाभोवतीचे हाड आतून खचत असते. त्याला आम्ही पायरिया म्हणतो. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. मुळाशी पू साठतो, हाड झिजते, आणि मातीत रोवलेल्या खांबाभोवतीची माती वाहून जावी तसा दात उभा राहतो. अशा दाताला तार लावून ओढायचे नसते. हाड निरोगी असेल तर दात हळूहळू सरकवता येतो, त्याच्यामागे नवे हाड भरून येते. आजारी हाडात काही भरून येत नाही, ओढाल तेवढे आणखी झिजते. आधी हिरड्या बऱ्या करायच्या, महिने गेले तरी चालतील, आणि मगच तारेला हात लावायचा… आम्हाला शिकवणारे सर हे इतक्यांदा सांगायचे की आम्ही पोरे त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो.

मी हसलो आणि गेनूला म्हणालो, “वय झालं बाबा तुझं.” मग हिरड्या पाहिल्या. फिकट, टणक, कुठे सूज नाही. कापसाने दाबून पाहिले, रक्ताचा ठिपकाही आला नाही. हिरडी आजारी असली की रक्त येते, हे मला माहीत. रक्त नाही, म्हणजे हिरडी ठणठणीत, असा मी उलटा हिशेब केला. गेनू रोज सकाळी मशेरी लावायचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची, हे आमच्या घराघरांत चालते. माझी आईही लावायची. तंबाखूने हिरड्या वरून आवळतात आणि रक्त दिसेनासे होते, आत पू असला तरी. मशेरी लावणाऱ्यांच्या तोंडात मी हे पुढे पुन्हा पुन्हा पाहिले, एकदा पाहायला लागल्यावर. त्या दिवशी पाहिले नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये घालून खोली मोजायची बारीक सळई माझ्या ट्रेमध्ये होती. दोन मिनिटांचे काम होते. मी ती उचलली नाही.

का उचलली नाही, याची उत्तरे मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. चैत्रातली यात्रा पाच महिन्यांवर होती आणि हिरड्यांवर उपचार करत बसलो असतो तर ती हुकली असती. हाडाचा फोटो काढायला पुण्याला जावे लागले असते, आणि गेनूची पिके उभी होती. ही उत्तरे खरी आहेत, पण खरे कारण वेगळे होते. आदल्या वर्षी मुंबईला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे मी मोठ्या वयाच्या माणसाचे दात तारेने सरळ केलेले पाहिले होते. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत हे कोणी केले नव्हते. ते मला करायचे होते. गेनूच्या तोंडाचा आधीचा आणि नंतरचा प्लॅस्टरचा ठसा शेजारी शेजारी काचेच्या कपाटात ठेवायचा होता. सळई घातली असती तर ती खोल गेली असती, आणि ते मला कळायला नको होते.

ठसा घेतला त्या दिवशी हौसा बरोबर होती. बाजारहाट आटोपून ती दवाखान्याच्या उंबऱ्यावर बसली होती. गेनूच्या तोंडात प्लॅस्टर भरलेले, डोळ्यांतून पाणी, हाताने खुर्ची घट्ट धरलेली. मी घड्याळाकडे पाहत उभा होतो. तेवढ्यात हौसा म्हणाली, “भाऊजी, येक इचारू का? ह्ये रोज मशेरी लावत्यात. म्याच भाजून देती. तार हाय तवर बंद करू का?” मी मागे वळूनही पाहिले नाही. म्हणालो, “चालू द्या वहिनी. मशेरीनं काही होत नाही. उलट हिरड्या घट्ट राहतात.” हे मी पुस्तकात वाचलेले नव्हते. आईच्या तोंडून ऐकलेले होते. गेनू प्लॅस्टरमधून “हं हं” करून हसला, म्हणजे बघ, डागदरच म्हनतोय. त्याने ते ऐकले होते, हे लक्षात असू द्यावे.

टाळूला बसणारी प्लेट केली, पुढच्या दातांवरून जाणारी बारीक तार बसवली. पंधरा दिवसांनी तो यायचा, मी तार थोडी आवळायचो. फट मिटू लागली, दात आत आले. माघात हौसा एकटीच आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “भाऊजी, दात हालत्यात वो. भाकर मोडून दिली तरी डोळ्यांत पानी येतंय. मानूस सांगनार न्हाई, म्हनून म्या आले.” मी तिला समजावले, “हलतात म्हणजे तार काम करते आहे, वहिनी. न हलता दात सरकेल कसा?” आवाज मोठा ठेवला, म्हणजे बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल. ती “व्हय का” म्हणून गेली. त्या काही महिन्यांत मला दोनदा सावध केले ते तिने. मी डॉक्टर होतो, ती मशेरी भाजणारी बाई होती.

आणि चैत्रात ती शीळ वाजली. मी घाटावर गेलो होतो. माथ्यावर गेनू उभा राहिला, त्याने छाती भरून घेतली आणि शाळेच्या वाटेवरची तीच शीळ सगळ्या घाटावरून गेली. खाली त्याचे बैल सुटले. मी अशी धाव त्यानंतर पाहिली नाही. गुलाल उधळला, माझा पांढरा कोट लाल झाला, गेनूने मला खांद्यावर घेतले आणि ओरडून सांगितले, “ह्या डागदरानं वाजवली ही शीळ, माझी न्हाई.” मी खांद्यावर बसून हात हलवला. पुढच्या महिन्यात ताथवडे, माण, कुठून कुठून माणसे दात दाखवायला आली. मी त्यांना काचेच्या कपाटातले दोन ठसे दाखवायचो.

आषाढात ते दात खाली उतरू लागले. हिरड्यांपासून दूर, लांबट दिसू लागले. आता बोटाने दाबले की पू येई. मी तार काढली, तेव्हा कुठे सळई घातली, आणि ती निम्म्याच्या वर आत गेली. मी दोन महिने औषधे लावली, मुळे खरवडली. जे दसऱ्याला करायचे ते आता करत होतो. वरचे पुढचे चार दात काढायचे ठरले त्या दिवशी गेनूबरोबर हौसा आली होती आणि म्हातारी आईही आली होती. काढायला जोर लागलाच नाही. चिमटा लावला आणि दात हातात आले. गेनूने चूळ भरली, आरशात पाहिले, आणि ओठ पुढे काढून वारा सोडून बघितला. मग आरसा उलटा ठेवला.

त्याची आई म्हणाली, “डागदर, ह्ये असं कशानं झालं? चैतात तर बरं व्हतं.” बाकावर सहा-सात माणसे होती, त्यांच्यात मला दात दाखवायला माणहून आलेला एकजण होता. मी म्हणालो, “मशेरीनं घात केला. तंबाखूनं हाड खाल्लं.” म्हातारीने मान वळवून सुनेकडे पाहिले. हौसा उंबऱ्यावरून उठून उभी राहिली. “भाऊजी, म्या तुमाला इचारलं व्हतं,” ती म्हणाली, “ह्येंच्या तोंडात त्ये भरलं व्हतं त्या दिशी. तुमीच चालू द्या म्हनला.” मी हात धूत होतो. पाण्याकडे बघत म्हणालो, “मशेरी चालेल असं कुठला डॉक्टर सांगेल, वहिनी?” बाकावर कोणीतरी हसले. हौसाने गेनूकडे पाहिले. गेनू माझ्याकडे बघत होता. मग बायकोला म्हणाला, “गप ग. उगं कायबी बोलू नगंस.”

तंबाखूने त्याच्या हिरड्यांचे भले केले असे मी म्हणत नाही. तंबाखू वाईटच. पण पायरिया झालेले दातसुद्धा नीट निगा राखली तर वर्षानुवर्षे टिकतात, भाकरी खातात. गेनूचे कदाचित अजून टिकले असते, फट राहिली असती, शीळ बसकी राहिली असती. वर्षाच्या आत ते गेले ते माझ्या तारेने. हे मला त्या दिवशी हात धुतानाही माहीत होते.

मी त्याला कवळी करून दिली. शीळ घालायला गेला की वाऱ्याने ती उचलून यायची. एकदा गोठ्यात पोरांसमोर ती खाली पडली, त्यानंतर त्याने तो नाद सोडला. किसनने शीळ शिकायचा प्रयत्न केला, बैलांनी ढुंकून पाहिले नाही. दुसऱ्या चैत्राआधी गेनूने बैल माणच्या मेव्हण्याकडे पाठवले आणि यात्रेला जायचे बंद केले. हौसाला मात्र घरात रोजच सुनावले जाई. सण असो, पाहुणा येवो, म्हातारी सांगायची की हिने तव्यावर माझ्या लेकाचे दात भाजले, वर डागदरावर आळ घेतला. खोटारडी, हा शब्द तिला चिकटला. गेनू माझ्या बाकावर येऊन बसायचा आणि नव्या रोग्यांना सांगायचा, “बिनघोर बसा. लई हुशार डागदर हाय. माझंच नशीब वंगाळ, मशेरी नडली.” मला ते ऐकून कसे वाटायचे, हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण मी त्याला एकदाही थांबवले नाही. लोक मेलेल्या मित्राला देवपण देतात. मी देणार नाही. त्याने माझे नाव राखले, पण ते बायकोच्या अब्रूवर राखले. आम्ही दोघांनी मिळून तिला खोटे पाडले, आणि जन्मभराचे मित्र म्हणून मिरवलो.

गेल्या दिवाळीच्या आधी तो शेवटचा आला. दवाखाना रिकामा होता. कवळी टोचते म्हणाला, मी घासून दिली. ती हातातच ठेवून, पोकळ तोंडाने तो म्हणाला, “वसंता, येकदा घरी ये. म्हातारीला सांग.”

“काय सांगू?”

“आता म्या सांगू व्हय काय सांगायचं?” तो म्हणाला. “मला बोलाया यीत न्हाई. इतकी वर्सं गप ऱ्हायलो, आता कुठल्या तोंडानं बोलू? हौसी माझ्याशी कामापुरतं बोलती. तू बोलला तर म्हातारी ऐकंल. तू डागदर हाईस.”

मी म्हणालो, “येतो. दिवाळी होऊ दे.”

दिवाळी झाली. कारखान्याच्या वसाहतीत नवे रोगी मिळत होते, रविवार जात होते. मी रोज स्वतःला सांगत होतो की पुढच्या रविवारी. पौषात किसन सायकलवरून आला.

तिथेही मी गप्प राहिलो, हे वर लिहिलेच आहे. तेराव्यालाही गेलो आणि जेवून आलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी, गेल्या सोमवारी, दवाखाना बंद ठेवून दुपारी ताथवड्याला गेलो. म्हातारी ओट्यावर शेजारच्या दोन बायकांबरोबर हुलगे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितले. वहिनींनी मला विचारले होते, मीच चालेल म्हणालो होतो, नंतर खोटे बोललो, दात मशेरीने नव्हे तर माझ्या तारेने गेले. बायकांचे हात थांबले. म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुमी मोठ्या मनाचं, डागदर,” ती म्हणाली. “मागं ऱ्हायलेली बाई म्हनून तिचं सगळं सोतावर घेताय. पर म्या काय उगं म्हातारी झाले न्हाई.”

चार वर्षे खोटे बोललो तेव्हा तिने एका वाक्यात विश्वास ठेवला होता. आता खरे बोलत होतो, आणि तिला ती माझी दया वाटत होती. मी आईची शपथ घेतली, गेनू दिवाळीआधी काय म्हणाला ते सांगितले. म्हातारी मान हलवत पुन्हा सूप हातात घेऊ लागली. हौसा गोठ्यातून येऊन, शेणाचे हात तसेच अंगापासून दूर धरून, मघापासून उभी होती. तिने मला बस म्हटले नाही, पाणी विचारले नाही.

“झालं सांगून?” ती म्हणाली.

“वहिनी, मी…”

“तवा किती मानसं व्हती दवाखान्यात?”

“सहा-सात.”

“त्यांनी गावाला सांगितलं. गावानं माण-चिंचवडपातुर सांगितलं. आन् आता ह्या दोन बायांपुढं सांगून तुमी मोकळं व्हनार?” ती चढ्या आवाजात बोलत नव्हती. “तुमाला लिवाया येतंय. मागं पेपरात दाताचं काय काय लिवलं व्हतं, ह्येंनी वाचून दावलं व्हतं. तसं लिवा. तुमच्या बाकावर बी त्यो पेपर आसतोय. समद्यांनी वाचू द्या.”

मी म्हणालो, लिहितो.

“ह्येंनाबी म्हाईत व्हतं,” ती म्हणाली.

“हो. त्यानं ऐकलं होतं.”

“मंग त्येबी लिवा. मेल्यालं मानूस म्हनून गाळू नगा.” आणि ती हात धुवायला गेली.

तर लिहितो, पुरते आणि सरळ. ताथवड्याच्या हौसाबाईंनी, त्यांच्या नवऱ्याच्या दातांचा ठसा घेतला त्या दिवशी, मशेरी बंद करू का असे मला विचारले होते. मी नको म्हणालो. दात हलू लागले हे त्यांनीच मला प्रथम सांगितले, मी त्यांना परत पाठवले. दात गेले ते आजारी हिरड्या न तपासता मी तार आवळली म्हणून. त्याचा दोष मी मशेरीवर टाकला, आणि त्यांनी खरे सांगितले तेव्हा लोकांसमोर त्यांना खोटे ठरवले. त्यांचे पती गेनबा यांनी माझे पहिले बोलणे स्वतः ऐकले होते, आणि मला वाचवण्यासाठी ते गप्प राहिले. काचेच्या कपाटातले दोन्ही ठसे मी काढून टाकले आहेत, हा लेख बाकावर ठेवणार आहे. वहिनी, तुम्ही खोटे बोलला नव्हता. मी बोललो होतो. मी तुमची माफी मागतो.